'टाइम'शी जुळणारे दहा शब्द

माझी भाची सातवीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या इंग्रजीच्या कार्यपत्रिकेत एक प्रश्न होता: 'टाइम' या शब्दाशी यमक जुळणारे दहा शब्द लिहा. तिने दहा शब्द लिहिले, त्यांपैकी नऊ बरोबर ठरले आणि एकावर फुली आली. ही फुली 'चढणे' या अर्थाच्या ज्या शब्दावर आली, त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी 'बी' हे अक्षर आहे, आणि बरोबरची खूण मिळालेल्या नऊ शब्दांमध्ये 'रेजीम' हा शब्द होता, जो तिने इतिहासाच्या पुस्तकातल्या परकीय राजवटीच्या धड्यातून उचलला होता. शनिवारी संध्याकाळी ती आमच्याकडे नारायण पेठेत आली, कागद माझ्यासमोर टाकला आणि म्हणाली, "आत्या, तू इतकी वर्षं लोकांच्या चुका काढल्यास ना, मग आता ही काढ."

मी सव्वीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम केले. मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही प्रुफे माझ्या टेबलावर येत असत. या धंद्यात डोळ्याला जे वळण लागते त्याचा मला अभिमान आहे. परंतु प्रामाणिकपणे सांगायचे तर यमक तपासण्याच्या कामी तेच वळण आड येते, कारण मुद्रितशोधक शब्द ऐकत नाही, तो अक्षरे पाहतो. कार्यपत्रिका पाहताक्षणी माझीही नजर प्रथम 'आय-एम-ई' या शेपटीवरच गेली आणि 'रेजीम' हा शब्द मला क्षणभर अगदी निर्दोष वाटला. त्यामुळे बाईंना मी फारसा दोष देत नाही. त्यांनी तेच केले जे आपण सगळे इंग्रजीच्या बाबतीत करतो. मराठीत यमक शोधताना आपण कानावर विसंबतो, आणि इंग्रजी समोर आली की कान बंद करून स्पेलिंगकडे पाहू लागतो.

याला कारणही आहे. देवनागरीत लिहिलेले आणि बोललेले यांत फारसे अंतर नसते, म्हणून मराठी यमक डोळ्याने तपासले काय किंवा कानाने तपासले काय, निकाल बहुधा एकच लागतो. ही सवय घेऊन आपण इंग्रजीकडे जातो आणि तिथे फसतो. इंग्रजी यमकाचा नियम पूर्णपणे उच्चारावर उभा आहे: शब्दातल्या ज्या शेवटच्या स्वरावर आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, पडतो, त्या स्वरापासून शब्दाच्या अखेरीपर्यंतचे सगळे ध्वनी सारखे असले पाहिजेत आणि त्या स्वराच्या आधीचे व्यंजन मात्र वेगळे असले पाहिजे. या नियमात अक्षरांचा उल्लेख कुठेही नाही.

मी भाचीला एक सोपी युक्ती सांगितली. सगळे शब्द देवनागरीत लिहून काढ, पण वाचतेस तसे लिहू नकोस, शब्दकोशातला उच्चार पाहून किंवा फोनवर ऐकून लिही. तिने लिहिले: लाइम, क्राइम, प्राइम, चाइम, डाइम, माइम, स्लाइम, ग्राइम, क्लाइम, रेजीम. कागदावर ही यादी उतरली आणि प्रश्न तिथेच मिटला. नऊ शब्दांच्या शेपट्या एकसारख्या होत्या, 'क्लाइम' त्यांच्यात निमूटपणे बसला होता आणि 'रेजीम' एकटा बाजूला पडला होता. मग या खेळात तिला गोडी लागली आणि आम्ही आणखी शब्द शोधले. 'मी आहे' या अर्थाचे दोन शब्द जोडून होणारे 'आइम' हे रूपही यात बसते, 'यमक' या अर्थाचा 'राइम' तर बसतोच, आणि ज्याच्या स्पेलिंगमध्ये 'जी' लपलेला आहे तो 'पॅराडाइम'ही जवळपास बसतो. या तिघांचीही स्पेलिंगे 'टाइम'च्या जवळपास फिरकत नाहीत.

क्लाइमच्या 'बी'ची गोष्ट जरा सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे हा 'बी' अजून जिवंत आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द खरोखरच 'ब'सह उच्चारला जात असे. पुढे 'म'नंतर शब्दाच्या शेवटी येणारा 'ब' बोलण्यातून गळाला, परंतु लिहिण्यात तसाच राहिला. आपण इंग्रजी बव्हंशी पुस्तकातून शिकलो, त्यामुळे हा मेलेला 'ब' आपण परत उठवून बसवला आहे. पुण्यातला एकही नळदुरुस्तीवाला 'प्लमर' नाही, सगळे 'प्लंबर'च आहेत, आणि मी स्वतःही त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारणार नाही. मराठीत रुळलेला शब्द मराठीच्या नियमाने चालतो; प्रश्न इंग्रजी यमकाचा असेल तेव्हा मात्र तो 'ब' उंबऱ्याबाहेर ठेवावा लागतो. याच कुळातले आणखी तीन शब्द मी तिला लिहून दाखवले. बॉम्ब, कंगवा आणि थडगे या अर्थांच्या तीन इंग्रजी शब्दांची शेवटची तीन अक्षरे तंतोतंत सारखी आहेत, परंतु त्यांचे उच्चार अनुक्रमे 'बॉम', 'कोम' आणि 'टूम' असे होतात. डोळ्याला तिघे सख्खे भाऊ दिसतात, पण कानाला त्यांच्यातल्या कोणत्याही दोघांचे यमक जुळत नाही. 'कोम'शी जुळतो 'होम', आणि 'टूम'शी जुळतो 'रूम'.

'रेजीम'चा प्रश्न याहून रंजक आहे. साधारण १४०० ते १७०० या तीन शतकांत इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर आपल्या जागेवरून सरकले. भाषाशास्त्रज्ञ याला महास्वरांतर म्हणतात. त्याआधी, चौदाव्या शतकात चॉसर हा इंग्रज कवी लिहीत होता तेव्हा, 'टाइम' या शब्दातला स्वर दीर्घ 'ई' होता, म्हणजे तो शब्द आपल्या 'टीम'च्या जवळपास ऐकू येत असे. पुढे ही 'ई' हळूहळू 'आइ' झाली आणि तिच्याबरोबर तशाच स्वराचे बाकीचे शब्दही सरकले. 'रेजीम' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे ही सगळी सरकासरकी उरकल्यानंतर, त्यामुळे त्याची 'ई' जशीच्या तशी राहिली. 'मशीन' आणि 'पोलीस' हेही असेच उशिरा आलेले फ्रेंच पाहुणे आहेत, म्हणून त्यांचे यमक 'लाइन' किंवा 'राइस' यांच्याशी जुळत नाही. भाचीचा 'रेजीम' चॉसरच्या काळात कदाचित पास झाला असता; अडचण एवढीच की चॉसरच्या काळात तो शब्द इंग्रजीत नव्हता.

शेक्सपिअरच्या सुनीतांमध्ये 'लव्ह' आणि 'प्रूव्ह' यांची यमके वाचून आपल्याला जे कोडे पडते, त्याचे उत्तरही इथेच आहे. आज ती केवळ डोळ्यांची यमके वाटतात, परंतु त्याच्या काळातल्या उच्चारांत हे दोन शब्द आजच्यापेक्षा बरेच जवळ होते, असे त्या काळच्या उच्चारांचा अभ्यास करणारे मानतात. 'लव्ह'ची आज मोठी पंचाईत आहे. प्रेमकवितेत सर्वांत जास्त लागणारा हा शब्द, आणि त्याची नेमकी यमके मोजून चार-पाच: कबुतर, हातमोजा, वर आणि ढकलणे या अर्थांचे शब्द हाताशी येतात आणि यादी संपते. कवितेत विनाकारण उडत येणारी कबुतरे पाहिली की कवीची गरज लगेच ध्यानात येते. महिना, चांदी आणि नारिंगी रंग या अर्थांच्या शब्दांची अवस्था तर त्याहून वाईट आहे, कारण त्यांना नेहमीच्या वापरातले एकही यमक मिळत नाही. त्यांच्या तुलनेत 'टाइम' हा खाऊनपिऊन सुखी घरातला शब्द म्हणायला हवा.

आमच्या यादीतला सर्वांत वादग्रस्त शब्द मात्र स्वयंपाकघरातून आला. भाचीने फोनवर यमकांची तयार यादी उघडली, तर त्यात पहिल्याच ओळीत एक शब्द होता, ज्याला आपण पिझ्झावर भुरभुरवायच्या बाटलीवर वाचून 'थाइम' म्हणतो. ही ओव्याच्या वासाची आठवण करून देणारी एक विलायती वनस्पती आहे. मी बाटली आणून ठेवली होती आणि इतके दिवस तिला 'थाइम'च म्हणत होते. कोशात पाहिले तर त्याचा उच्चार नुसता 'टाइम' असा होता. हा शब्द फ्रेंचमधून 'ट'सह आला होता आणि मूळ ग्रीक-लॅटिन रूपाची आठवण म्हणून विद्वानांनी त्याच्यात 'एच' बसवला, पण जिभेने तो कधी स्वीकारला नाही. 'राइम'मधला 'एच'ही असाच नंतर घुसलेला आहे. मूळ फ्रेंच शब्दात तो नव्हता, परंतु 'ऱ्हिदम' या शब्दाशी आपले नाते असावे या समजुतीतून तो चिकटला. यमक या अर्थाचा शब्दच स्पेलिंगने फसवावा, यातली गंमत मला फार आवडली.

भाचीने विचारले, "मग टाइमचं यमक टाइमच? हे कसं चालेल?" प्रश्न अगदी योग्य होता. आजच्या इंग्रजीच्या नियमाप्रमाणे हे चालत नाही, कारण स्वराच्या आधीचे व्यंजनही तेच आहे. अर्थ वेगळा असला तरी कानाला तोच शब्द पुन्हा ऐकू येतो. परंतु हा नियम सगळीकडे आणि सगळ्या काळी असाच नव्हता. चॉसरच्या प्रसिद्ध यात्रेकरूंच्या काव्याच्या अगदी आरंभी 'शोधणे' आणि 'आजारी' या अर्थांच्या, पण उच्चाराने एकच असलेल्या दोन शब्दांचे यमक आहे, आणि फ्रेंच परंपरेत तर अशा यमकाला 'श्रीमंत यमक' म्हणून मान आहे.

आपल्याकडची गोष्ट त्याहूनही पुढची आहे. संस्कृत काव्यशास्त्रात यमक म्हणतात ते नेमके यालाच. अकराव्या शतकात मम्मटाने काव्यप्रकाशात जी व्याख्या दिली आहे तिचा आशय असा की, अर्थ असेल तर तो भिन्न असलेल्या त्याच वर्णसमूहाची पुन्हा श्रुती होणे म्हणजे यमक. 'महापालिका कर मागते आणि आपण कर जोडतो' हे वाक्य मी पुणेकर म्हणून उदाहरणादाखल रचून दिले, आणि त्यातला पहिला 'कर' घरपट्टीचा व दुसरा हातांचा, हे भाचीला समजावून सांगावे लागले नाही. ओळींच्या अखेरीस नुसते सारखे ध्वनी येण्याला शास्त्रात अंत्यानुप्रास म्हणतात. व्यवहारात मराठीने 'यमक' हा शब्द अंत्यानुप्रासासाठी वापरायला सुरुवात केली आणि मूळ यमक मागे पडले. म्हणजे जो 'टाइम-टाइम' इंग्रजीच्या बाई नापास करतील, तो मम्मटाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसेल, आणि बाईंनी पास केलेला 'टाइम-लाइम' मम्मट दुसऱ्या तुकडीत पाठवील.

यमकांचा विषय निघाला आणि बारामतीचे मोरोपंत आठवले नाहीत असे पुणे जिल्ह्यात होऊ नये. मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) आर्या हे वृत्त आणि यमकांचा सोस या दोन्ही गोष्टी अशा टोकाला नेल्या की, त्यांची १०८ रामायणे वाचताना रामापेक्षा शब्दांचीच कसोटी अधिक लागते की काय अशी शंका येते. त्यांतले एक रामायण ओठ न मिटता उच्चारता येणाऱ्या वर्णांचे आहे, म्हणजे त्यात प, फ, ब, भ, म यांना बंदी आहे. 'टाइम' त्या रामायणात शिरूच शकला नसता, कारण त्याचा शेवट 'म'वर होतो. (ज्या काव्याच्या नायकाच्या नावातच 'म' आहे ते काव्य 'म'वाचून लिहायचे, हे धाडस फक्त तेच करू जाणोत.)

आता देवनागरीच्या युक्तीतल्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर उद्या कोणी ही युक्ती वापरून फसेल आणि दोष माझ्यावर येईल. पहिली उणीव अशी की, देवनागरी इंग्रजीतले सगळे स्वर वेगळे दाखवू शकत नाही. खाटेसाठीचा 'कॉट' आणि 'पकडले' या अर्थाचा 'कॉट' आपण एकच लिहितो. लंडनच्या उच्चारात त्यांचे स्वर वेगळे आहेत, तर अमेरिकेतल्या पुष्कळ लोकांच्या तोंडी ते खरोखरच एक झाले आहेत. दुसरी उणीव ऱ्हस्व-दीर्घाची आहे. आपल्या शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहायचा असतो, आणि हा नियम हाडीमासी खिळलेला मुद्रितशोधक जहाज आणि मेंढी या दोन्ही इंग्रजी शब्दांना 'शीप' करून टाकतो. मी स्वतः हे किती वेळा केले असेल याचा हिशेब नाही. इंग्रजीत मात्र जहाजाचे यमक ओठाच्या 'लिप'शी आणि मेंढीचे झोपेच्या 'स्लीप'शी, आणि या दोन जोड्यांनी एकमेकींच्या घरी जायचे नाही.

तिसरी उणीव आघाताची, आणि ती आपल्याला सर्वांत कमी जाणवते, कारण मराठीत आघाताने यमक बिघडत नाही. 'टेबल' या शब्दाशी 'केबल', 'लेबल' आणि 'स्टेबल' जुळतात, पण 'व्हेजिटेबल' जुळत नाही, जरी त्याच्या स्पेलिंगच्या पोटात अख्खे 'टेबल' घालून ठेवलेले असले तरी. तिथे आघात पहिल्या 'व्हे'वर पडतो आणि शेवट इतका चोरटा होतो की, तो इंग्रज माणसाच्या तोंडी 'व्हेज्टबल' असा ऐकू येतो. आपल्या खानावळींच्या पाट्यांवर मात्र व्हेजिटेबल अगदी ऐसपैस बसलेले असते. 'एन्झाइम' आणि मघाचा 'पॅराडाइम' यांच्याबाबतीतही हीच शंका उरते. त्यांचा मुख्य आघात पहिल्या अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या पहिल्या तुकड्यावर, आहे, त्यामुळे काटेकोर नियमाने ते 'टाइम'चे यमक ठरत नाहीत; पण शेवटच्या 'आइ'वर दुय्यम आघात असल्यामुळे कवी ते चालवून घेतात. 'सब्लाइम' मात्र निःशंक चालतो, कारण त्याचा जोर शेवटावरच आहे. 'ओव्हरटाइम' आणि 'लाइफटाइम' मी यादीतून काढायला लावले. त्यांत तोच शब्द पुन्हा येतो, आणि 'वेळ'शी 'अवेळ' जुळवण्यात काही कसब नाही.

शिवाय, उच्चार कोणाचा धरायचा? पुण्यात आपण 'वॉर्ड ऑफिस' म्हणतो आणि 'बोर्डाची परीक्षा' म्हणतो, म्हणून 'वॉर्ड' आणि 'बोर्ड' यांचे यमक आपल्या कानाला जुळत नाही. लंडनमध्ये आणि अमेरिकेतही ते जुळते. उलट लंडनकडचा माणूस स्वरानंतरचा 'र' गिळून टाकतो, त्यामुळे त्याच्या तोंडी 'बोर्ड' आणि 'फ्रॉड' यांचे यमक बिनतक्रार जुळते, आणि 'र' स्वच्छ उच्चारणाऱ्या अमेरिकेत व पुण्यात ते फिसकटते. 'वर्ड' हा शब्द याच अक्षरांच्या गर्दीत आणखी एक डाव टाकतो: स्पेलिंगमध्ये त्याच्या आधी एक 'एस' लावला की तलवार होते, पण उच्चारात स्वर बदलून 'सोर्ड' होतो आणि यमक तुटते. शब्द आणि तलवार यांचे यमक इंग्रजीत पाहायला मिळते, ऐकायला नाही. 'वर्ड'ची खरी यमके 'बर्ड', 'थर्ड', आणि 'ऐकले' या अर्थाचा 'हर्ड'. तिन्हींची स्वराक्षरे 'वर्ड'च्या स्वराक्षराहून वेगळी आहेत.

भाचीच्या फोनवरची यादी कशी तयार होते, हे मी नंतर शोधून पाहिले. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने एक उच्चारकोश तयार केला आहे. त्यात सव्वा लाखांहून अधिक शब्द केवळ ३९ ध्वनींच्या खुणांनी लिहिलेले आहेत आणि प्रत्येक स्वराला ०, १ किंवा २ असा आघाताचा अंक जोडलेला आहे. 'टाइम' तिथे तीन ध्वनींचा शब्द आहे: ट, आइ, म, आणि 'आइ'ला १ हा अंक आहे. यंत्राला यमक शोधायचे असेल तर ते शेवटच्या १ अंकाच्या स्वरापासूनची शेपटी कापून घेते आणि तशीच शेपटी असलेले बाकीचे शब्द पुढ्यात टाकते. स्पेलिंग त्याच्या खिजगणतीतही नसते, म्हणूनच त्याला क्लाइमचा 'बी' दिसत नाही आणि 'रेजीम'चा मोह पडत नाही. शनिवारी आम्ही देवनागरीत जे केले तेच हे यंत्र अधिक काटेकोरपणे करते. उच्चार अर्थातच अमेरिकी आहेत, हे तेवढे लक्षात ठेवायचे.

यंत्राच्या आधी हे काम कोशकारांनी हाताने केले होते. पीटर लेव्हिन्स या इंग्रज शिक्षकाने १५७० मध्येच शब्द त्यांच्या शेवटानुसार लावून एक कोश काढला. पुढे १७७५ मध्ये जॉन वॉकर यांचा कोश आला. वॉकर हे आधी रंगभूमीवर नट होते आणि नंतर वक्तृत्वाचे शिक्षक झाले, म्हणजे जन्मभर त्यांनी कानाचाच व्यवसाय केला. तरीही कोशातले शब्द त्यांनी लावले ते शेवटच्या अक्षरापासून उलट, स्पेलिंगप्रमाणे. त्या पद्धतीत 'टाइम' सापडतो 'ई' अक्षराखाली आणि 'क्लाइम' सापडतो 'बी' अक्षराखाली, मधे शेकडो शब्दांचे अंतर. ही अडचण त्यांना ठाऊक होती, म्हणून पूर्ण यमके आणि चालवून घेण्याजोगी यमके यांची सूची त्यांनी कोशाला वेगळी जोडली. मला या माणसाबद्दल आपुलकी वाटते. कान तयार असूनही छापील पानाच्या सोयीपुढे त्यांना अक्षरांना शरण जावे लागले, आणि ती शरणागती कशी असते हे मला माहीत आहे.

मराठी कवीला असा कोश फारसा लागत नाही. आपली क्रियापदे वाक्याच्या शेवटी येतात आणि आला, गेला, झाला, केला अशी रांगेने उभी असतात. त्यात कसर राहिली तर 'ला', 'ची', 'ने' हे प्रत्यय हात द्यायला आहेतच. इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या पोटात अडकलेले असते, प्रत्यय जवळजवळ झिजून गेलेले आहेत आणि ओळीच्या टोकाला बहुधा एखादे उघडे नाम येऊन थांबते. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २००६ मध्ये इंग्रजीत सर्वांत जास्त वापरले जाणारे नाम म्हणून 'टाइम'चेच नाव जाहीर केले होते. 'वेळेवर', 'नेहमी', 'पहिल्यांदा' या अर्थांच्या इंग्रजी वाक्प्रचारांच्या शेवटी हाच शब्द असल्यामुळे तो ओळीच्या टोकाला पुनःपुन्हा येणार, आणि त्याच्यापुढे नेमक्या यमकांचे ताट मांडले तर एकावयवी शब्द जेमतेम डझनभर. त्यातही गुन्हा, लिंबू, काजळी आणि बुळबुळीत चिखल. म्हणूनच गीतकार 'माइन', 'फाइन', 'लाइन' यांच्यावर भागवतात आणि 'म'च्या जागी 'न' आला तरी श्रोता तक्रार करत नाही.

रविवारी सकाळी आणखी एक गोष्ट घडली. भाचीचा शाळेचा झगा उसवला होता, म्हणून आम्ही दोघी गल्लीच्या टोकाच्या शिंप्याकडे गेलो. त्याने झगा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, टायम लागंल." दुकानाबाहेर पडल्यावर भाची थांबली आणि म्हणाली, "आत्या, टायम. कायम." मी तिथेच उभी राहून शोधू लागले आणि मला तिसरा शब्द सापडला नाही. इंग्रजीत एका अवयवाचा असलेला हा शब्द मराठीने दोन अवयवांचा करून घेतला आणि लगेच त्याला एक अस्सल यमकही मिळाले. 'टायम' हा शब्द मी प्रुफांत सव्वीस वर्षे खोडत आले होते.

सोमवारी तिने कार्यपत्रिका शब्दकोशातल्या उच्चारासह बाईंना दाखवली. बाईंनी कोश पाहिला, तिथल्या तिथे क्लाइमवरची फुली खोडली आणि गुण दहापैकी दहा केले. शुक्रवारी ती कागद घेऊन पुन्हा आली, तेव्हा 'रेजीम'पुढची बरोबरची खूण जशीच्या तशी होती. मी तिच्याकडे पाहिले, तिने कागदाची घडी घातली आणि दप्तरात ठेवून दिली.